चार्टर की कम्यूटर: दोन ऑफर लेटर समोर ठेवून पायलटची नोकरी कशी निवडायची

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आलंय, लॉगबुकात सव्वादोनशेच्या आसपास तास आहेत, मल्टी-इंजिन आयआर (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान उपकरणांच्या आधारे उडवायचं रेटिंग) मुदतीत आहे आणि मोठ्या एअरलाइनची भरती कधी निघेल याचा पत्ता नाही. अशा वेळी सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या मुलामुलींसमोर साधारण दोन तऱ्हेच्या नोकऱ्या येतात. एक चार्टर कंपनीची, म्हणजे नॉन-शेड्यूल्ड, ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या परमिटवाली. दोन-चार विमानं, किंग एअर नाहीतर एखादं छोटं जेट, प्रवासी म्हणजे उद्योगपती, पुढारी, कधी एअर ॲम्ब्युलन्सचा रुग्ण. दुसरी कम्यूटरची, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने लहान शहरं जोडणारी. एटीआर, एम्ब्रेअर, कुठे एकोणीस आसनी डॉर्नियर. होटगी रोडच्या विमानतळावर दोन्ही पाहायला मिळतात. ९ जून २०२५ पासून फ्लाय९१ चं एटीआर गोव्याहून यायला लागलं, पुढाऱ्यांची चार्टर विमानं तर त्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होती.

घरातली चर्चा पगारापासून सुरू होते, आणि त्यात चूक काही नाही. ५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं असेल, तर महिन्याचा हप्ता साधारण ६७,५०० रुपये बसतो. तो कुठल्या कंपनीत बसतो आणि कुठल्या कंपनीत बसत नाही, एवढं आधी बघाच. पण हप्ता दोन्हीकडे निघत असेल, तर पगारातला पंधरा-वीस हजारांचा फरक बाजूला ठेवा. दोन वर्षांनी लॉगबुकात काय लिहिलेलं असेल, हा पहिला प्रश्न. या कंपनीत 'आज उडणार नाही' असं म्हणता येतं का, हा दुसरा. पगार तिसरा.

तासांचं गणित कागदावर मांडा

एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्सला, १,५०० तास लागतात. तुमच्याकडे २२० असतील तर १,२८० कमी पडतात. समजा कम्यूटरमध्ये महिन्याला सरासरी ६५ तास मिळाले, तर ही तूट वीस महिन्यांत भरते. चार्टरमध्ये २५ मिळाले तर एक्कावन्न महिने लागतात, म्हणजे सव्वाचार वर्षं. यातले ६५ आणि २५ हे नुसते धरून चाललेले आकडे आहेत. तुमच्या कंपनीचा खरा आकडा तुम्हालाच काढायचा आहे, आणि तो मुलाखतीत सांगितला जातो त्यापेक्षा हमखास कमी निघतो.

काढायचा कसा? 'आमचे पायलट महिन्याला चाळीस तास उडतात' हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. विमान महिन्याला किती तास उडतं ते विचारा आणि त्या टाइपवर, म्हणजे विमानाच्या त्या प्रकारावर, को-पायलट किती आहेत ते विचारा. एकच किंग एअर महिन्याला ४० तास उडत असेल आणि को-पायलट तिघं असतील, तर वाट्याला तेरा-चौदा तास येतात. त्यातही सीनियर मुलगा आधी रोस्टरवर चढतो. म्हणून कंपनीतल्या सगळ्यात ज्युनियर को-पायलटचे मागच्या बारा महिन्यांचे तास विचारा. सरासरी सांगत असतील तर तीत कॅप्टनचे तास मिसळलेले असू शकतात. शिवाय ते विमान मोठ्या चेकसाठी हँगरमध्ये कधी जाणार आहे, तेही विचारा. दोन विमानांच्या कंपनीत एक विमान दीड महिना उभं राहिलं, की निम्मे पायलट घरी.

सुरुवातीचा काळही यातून वजा करा. ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, एन्डॉर्समेंटचे (लायसन्सवर त्या विमानाची नोंद करायचे) कागद, रूट चेक (मार्गावरची परीक्षा) यात तीन ते सहा महिने सहज जातात आणि लॉगबुकात त्यातलं फारसं काही पडत नाही. या काळात पगार पूर्ण की स्टायपेंड, हे ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

आता एक बारीक मुद्दा, जो नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी कळतो आणि मग डोक्याला हात लावायची पाळी येते. किंग एअर बी२०० आणि सेस्ना कॅरॅव्हॅन ही विमानं मुळात एका पायलटने उडवण्यासाठी प्रमाणित आहेत. उजव्या सीटवर तुम्ही बसता ते नियमाच्या, विम्याच्या किंवा ग्राहकाच्या मागणीमुळे. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स १ प्रमाणे, एका पायलटसाठी प्रमाणित विमान देशाच्या नियमामुळे को-पायलट घेऊन उडवावं लागत असेल, तर त्या को-पायलटच्या तासांपैकी जास्तीत जास्त निम्मेच वरच्या लायसन्ससाठी धरले जातात. विमान दोन पायलटांसाठी सज्ज असेल आणि उड्डाण खरोखर मल्टी-क्रू पद्धतीने होत असेल, तर देशाचं प्राधिकरण पूर्ण तास देऊ शकतं. नुसता विमा कंपनीच्या किंवा ग्राहकाच्या आग्रहाने दुसरा पायलट बसवला असेल, तर तेवढंही गृहीत धरू नका. एटीआर, एम्ब्रेअर किंवा हॉकरसारख्या जेटला दोन पायलट प्रमाणपत्रातच बंधनकारक आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. त्यामुळे किंग एअरची ऑफर असेल तर सरळ विचारा, 'तुमच्याकडे याच सीटवर बसून कुणाला एटीपीएल मिळालंय का? त्याचे तास पूर्ण धरले गेले का?' नाव आणि नंबर मिळाला तर त्या पायलटशी बोला. 'धरतात हो, काही अडचण येत नाही' हे उत्तर पुरेसं नाही.

कॅरॅव्हॅनची वेगळी गोम आहे. विमान उत्तम, शिकायला भरपूर, डावी, म्हणजे कॅप्टनची, सीटही तुलनेने लवकर मिळते आणि ते पीआयसीचे (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास सोन्यासारखे असतात. पण इंजिन एक. दोन वर्षं त्याच्यावरच राहिलात आणि इकडे मल्टी-इंजिन आयआर संपून गेलं, तर एअरलाइनचा फॉर्म भरताना ते स्वतःच्या खर्चाने पुन्हा ताजं करावं लागतं. विमानभाडं, इन्स्ट्रक्टर, परीक्षकाची तारीख असा सगळा घाट घालावा लागतो. कंपनी तो खर्च करते का, ते आधी विचारा. करत नसेल तर वर्षाला ठराविक रक्कम बाजूला टाकायची तयारी ठेवा.

जाता जाता तिसरा रस्ताही सांगतो. बारामती, धुळे, गोंदिया, शिरपूर इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून राहिलं तर तास वेगाने भरतात. मात्र टर्बाइनचा अनुभव मिळत नाही. दोन्ही ऑफर कच्च्या वाटत असतील, तर हा रस्ता कमी लेखू नका.

'नाही' म्हणायची मोकळीक

जानेवारीतली संध्याकाळ धरा. दिवे नसलेली, टॉवर नसलेली एक जिल्ह्याची पट्टी. सूर्यास्त सव्वासहाला. व्हीएफआर, म्हणजे नजरेने बघून केलेल्या, उड्डाणाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांची मुदत, म्हणजे सहा पस्तीसला खिडकी बंद. पाहुणे सभेत अडकलेत. सहा वाजता ऑप्सचा, म्हणजे कंपनीच्या उड्डाण विभागाचा, फोन येतो.

"कॅप्टन, साहेब निघालेच आहेत. दहाच मिनिटं."

सहा वीसला पुन्हा तेच. सहा तीसला गाड्यांचा ताफा फाटकातून आत येतो, पण अजून सामान चढायचंय, आणि साहेबांसोबत ठरल्यापेक्षा दोन माणसं जास्त आहेत. कॅप्टन काय करतो, हे त्याच्या स्वभावावर कमी आणि कंपनीने त्याला आधी काय देऊन ठेवलंय यावर जास्त ठरतं. चांगली कंपनी ग्राहकाला कोटेशन देतानाच 'शेवटची टेक-ऑफ वेळ' लिहून देते आणि मुक्कामाचा खर्च त्यात धरते. मग कॅप्टनला वाद घालावा लागत नाही, तो कागद दाखवतो. वाईट कंपनीत कोटेशनमध्ये वेळच नसते आणि मुक्कामाचे पैसे कोण देणार यावर रात्री आठ वाजता फोनाफोनी चालते. मुलाखतीत हे विचारता येतं: 'ग्राहकाच्या करारात लेटेस्ट टेक-ऑफ टाइम लिहिता का?' समोरचा क्षणभर गोंधळला, तरी उत्तर मिळालं असं समजा.

वजनाचंही असंच. किंग एअर बी२०० चं कमाल टेक-ऑफ वजन ५,६७० किलो. दोन पायलटांसह रिकामं विमान समजा ३,८५० किलोचं आहे. उरले १,८२० किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनच साधारण १,६५० किलो होतं, म्हणजे प्रवाशांसाठी राहतात १७० किलो, दोन माणसं. आठ जण सामानासह सरासरी ८० किलो धरले तर ६४० किलो, मग इंधन जास्तीत जास्त १,१८०. मुंबई-सोलापूरसारख्या तासाभराच्या अंतराला जाऊन-येऊन आणि राखीव धरून ते पुरतं. पण जिथे एटीएफ (विमानाचं इंधन) मिळत नाही अशा दूरच्या पट्टीवर जायचं असेल, परतीचं इंधन सोबत न्यायचं असेल आणि आठाचे दहा जण झाले, तर हे गणित मोडतं. ट्रिम शीट, म्हणजे वजन आणि तोलाचा कागद, बहुधा को-पायलटच भरतो. प्रवाशांना प्रत्येकी ६५ किलो लावून ती जुळवणारी कंपनी असेल, तर सही मात्र तुमची असते हे ध्यानात ठेवा.

त्यात आपलं सोलापूर. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी तापमान ४२ अंश. त्या उंचीवर प्रमाण तापमान १२ अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक. दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने ३,६०० फूट मिळवा. विमानाच्या लेखी सोलापूर त्या दुपारी पाच हजार फुटांवर आहे. टेक-ऑफला धावपट्टी जास्त लागते, एक इंजिन बंद पडल्यास चढ कमी मिळतो. कम्यूटर कंपनीत प्रत्येक विमानतळ आणि प्रत्येक तापमानासाठी कमाल वजनाचे तक्ते तयार असतात, डिस्पॅचर (उड्डाणाची आखणी करणारा) तो आकडा हातात देतो. काही चार्टर कंपन्यांत फ्लाइट मॅन्युअलमधले आलेख उघडून तुम्हालाच काढावा लागतो. काढायला येत असेल तर उत्तम, शिकायला मिळतं. पण कंपनीत हे कुणी काढतच नसेल आणि 'आपण नेहमी जातो तिथे' एवढ्यावर काम चालत असेल, तर तिथे जाऊ नका. एवढं एक मी ठामपणे सांगेन.

कम्यूटरमध्ये दबाव नसतो असं समजू नका, तो वेगळ्या तऱ्हेचा असतो. दिवसाला चार ते सहा सेक्टर (उड्डाणं), मध्ये पंचवीस-तीस मिनिटांचा टर्न-अराउंड, पहिलं उड्डाण धुक्यात अडकलं की शेवटचं विमानतळाच्या वॉच अवर्सवर (विमानतळ उघडा असण्याच्या वेळेवर) जाऊन आदळतं. अशा वेळी ड्यूटी वाढवून मागतात. एक-दोनदा ठीक, पण महिन्यात किती वेळा मागितली जाते, ते तिथल्या को-पायलटला विचारा. वर्षाला १,००० तासांची मर्यादा सगळ्यांना माहीत असते. माणूस थकतो तो त्या मर्यादेने नाही, पहाटे साडेतीनच्या गजराने. सलग किती पहाटेच्या ड्यूट्या लागतात ते रोस्टरमध्ये दिसतं, म्हणून मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर बघायला मागा. नावं झाकून दिलं तरी चालेल.

चार्टरमध्ये रोस्टर असं नसतंच बऱ्याचदा. 'स्टँडबाय' हा एकच शब्द असतो. तेव्हा तीन गोष्टी पक्क्या करा. फोन आल्यापासून रिपोर्टिंगला किती वेळ मिळतो. आठवड्यात फोन बंद ठेवता येईल असा दिवस लेखी ठरलेला आहे का. आणि रिकाम्या फेरी उड्डाणाचा वेळ ड्यूटीत धरतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर कागदावरचं एफडीटीएल (उड्डाण आणि ड्यूटीच्या वेळेची मर्यादा) आणि खरं एफडीटीएल वेगळं आहे.

ऑफिसात गेल्यावर काय बघायचं

मुलाखतीला गेलात की हँगर दाखवायला सांगा. सगळे दाखवतात, अभिमानाने. विमानाच्या रंगाकडे बघू नका, टेक लॉगकडे (विमानाच्या दोष-दुरुस्तीच्या वहीकडे) बघा. पायलटने लिहिलेले स्नॅग (दोष), खाली एएमईची (देखभाल इंजिनिअरची) सही, सुटा भाग बदलल्याची नोंद, असं सगळं त्यात दिसायला हवं. महिनोन्महिने पानं कोरी, एकही दोष नाही, अशी वही फार स्वच्छ वाटते आणि तीच काळजीची गोष्ट आहे. उडणाऱ्या विमानात काही ना काही बिघडतंच. वही कोरी असते कारण बाहेरगावी स्नॅग लिहिला तर विमान तिथेच अडकतं, म्हणून 'बेसवर जाऊन लिहू' अशी सवय लागलेली असते.

एएमई कंपनीचे स्वतःचे आहेत की बोलावून आणतात, तेही बघा. बोलावून आणणं बेकायदा नाही, पण विमान रविवारी यवतमाळला बिघडलं तर कोण येणार, याचं उत्तर तयार असावं.

सिम्युलेटरच्या तारखा विचारा. दोन पायलटांच्या विमानावर दर सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक द्यावा लागतो. एटीआरचा सिम्युलेटर भारतात आहे. काही बिझनेस जेटसाठी परदेशात जावं लागतं, व्हिसा, तिकीट, स्लॉट सगळं आलं. पैशाची ओढाताण असलेली कंपनी हे पुढे ढकलते, आणि चेक संपला की तुम्ही जमिनीवर. तासही नाहीत, आणि कधीकधी फ्लाइंग अलाउन्सही नाही. मागच्या वर्षात कुणाचा चेक लॅप्स झाला होता का, हा प्रश्न एचआरला नको, को-पायलटला विचारा, बाहेर चहाच्या टपरीवर.

कंपनीची नाडी घरबसल्या तपासा

यासाठी ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, एक संध्याकाळ पुरते. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, साइटवर परमिटधारकांची यादी असते. त्यात कंपनीचं नाव, विमानं आणि परमिटची मुदत बघा. ऑफर लेटरवरचं नाव आणि परमिटवरचं नाव एकच आहे ना, ते अक्षर न् अक्षर जुळवा. कधी विमान एका कंपनीचं, परमिट दुसरीचं आणि पगार तिसरीकडून, असा प्रकार असतो. एएआयबी या अपघात तपास संस्थेच्या साइटवर अपघातांचे अहवाल असतात, त्यात कंपनीचं नाव सापडलं तर अहवाल पूर्ण वाचा. अपघात झाला म्हणून कंपनी वाईट ठरत नाही. पण अहवालात 'प्रशिक्षणाच्या नोंदी सापडल्या नाहीत' यासारखं वाक्य दिसलं, तर थांबा.

मग ईपीएफओच्या पोर्टलवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये जा. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कुठल्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, ते दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तीन-चार महिने उशीर दिसत असेल, तर पगारही तसाच होतोय असं धरून चाला. कर्मचाऱ्यांची संख्या एकदम साठावरून पस्तीसवर आलेली दिसली, तर मुलाखतीत 'आम्ही विस्तार करतोय' हे वाक्य हसून ऐका.

काही छोट्या कंपन्या पायलटला नोकरीत घेतच नाहीत, 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. दहा टक्के टीडीएस कापून रक्कम हातात देतात, ती मोठी दिसते. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलात की बँक सॅलरी स्लिप मागते. ही रक्कम दुसऱ्या कंपनीच्या सीटीसीशी तुलना करताना किमान बारा-पंधरा टक्के कमी धरा. लॉस ऑफ लायसन्स विमा दोन्ही ठिकाणी विचारा. मेडिकल गेलं तर हप्ता कोण भरणार, हा प्रश्न घरातल्यांनी विचारण्याआधी तुम्ही विचारलेला बरा.

मार्ग किती दिवसांचा, बेस कुणाचा

कम्यूटर कंपनीच्या ऑफरमध्ये 'सोलापूर बेस लवकरच' किंवा 'नांदेड बेस' असं ऐकलं की घरचे खूश होतात. आई म्हणते, घरचं जेवण मिळेल. पण सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. उडान या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्या फेरीत आपलं नाव होतं, योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली उडालं. आपल्याकडे सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत होती. ती १५ जून २०२३ ला पाडली, नव्या टर्मिनलचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि पहिलं नियमित विमान त्यानंतर आठ महिन्यांहून जास्त काळाने आलं. बेसची आश्वासनं याच गतीने पुरी होतात. म्हणून ऑफर लेटरमध्ये आज लिहिलेला बेस हाच तुमचा बेस. तो हैदराबाद असेल तर हैदराबादचं घरभाडं हिशेबात धरा.

उडानमधल्या मार्गाला मिळणारी व्हायबिलिटी गॅप फंडिंग (तोटा भरून काढणारी सरकारी मदत) तीन वर्षांसाठी असते. तुम्ही ज्या मार्गांवर उडणार आहात त्यांची किती वर्षं झाली आहेत ते मोजा. दोन वर्षं सहा महिने झाली असतील आणि तुमचा बॉन्ड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) तीन वर्षांचा असेल, तर बॉन्ड मार्गापेक्षा लांब आहे. महाराष्ट्राने हे बघितलेलं आहे. एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव-नाशिकला छोटी विमानं आणली, एप्रिल २०२० मध्ये सेवा थांबली. नांदेड, कोल्हापूर, जळगावला एटीआर आणणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली.

बॉन्डवर सही करण्याआधी

टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचा) खर्च कंपनी करत असेल तर बॉन्ड येणारच, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. बघायचं ते चार जागी. पहिलं, रक्कम प्रत्यक्ष खर्चाशी जुळते का. दुसरं, ती दर महिन्याला कमी होते का. १५ लाखांचा तीन वर्षांचा बॉन्ड दरमहा घटत असेल, तर अठरा महिन्यांनी सोडताना साडेसात लाख द्यावे लागतात. घटत नसेल तर पस्तिसाव्या महिन्यातही १५ लाखच. तिसरं, मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात. रुजू झाल्यापासून की लाइन रिलीजपासून (प्रशिक्षण संपून नियमित उड्डाणं सुरू होतात तेव्हापासून)? हा फरक सहा-आठ महिन्यांचा असतो. चौथं, कंपनीनेच कामावरून काढलं, पगार दोन महिने थकवला किंवा परमिट गेलं, तर बॉन्ड आपोआप रद्द होतो असं वाक्य आहे का. नसेल तर घालून मागा. बहुतेक कंपन्या ते घालतात, कारण न घालण्याचं कारण सांगता येत नाही.

'बॉन्ड कोर्टात टिकत नाही' असं कट्ट्यावर कुणीतरी सांगतंच. ते आता विसरा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. रक्कम वाजवी असेल तर बॉन्ड टिकतो, एवढं धरून चाला.

पुढच्या तारखेचे कोरे चेक मागितले तर वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. बॉन्डचा वाद दिवाणी असतो, चेक दिला की तो फौजदारी होऊन बसतो. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट, पासपोर्ट, लायसन्स यातलं काहीही कंपनीकडे ठेवायचं नाही, तपासून परत घ्यायचं. आणि 'सीट पक्की करायला' कुणा एजंटच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागितले, तर ती ऑफर तिथेच संपली.

नोटीस पीरियड बॉन्डपेक्षा वेगळा असतो, हे अनेकांना सही केल्यावर कळतं. डीजीसीएने २०१७ मध्ये एअरलाइनच्या को-पायलटसाठी सहा महिने आणि कमांडरसाठी एक वर्ष ठरवलं. चार्टर कंपनीच्या करारात काय लिहिलंय ते वेगळं वाचा. मोठी एअरलाइन 'महिन्याभरात या' म्हणाली आणि इकडे एनओसीला सहा महिने, या कात्रीत अनेक जण सापडतात.

मग घ्यायची कोणती

लक्ष्य एअरलाइनची डावी सीट असेल, कर्जाचा हप्ता मोठा असेल आणि वय पंचविशीच्या आत असेल, तर चालू स्थितीतल्या कम्यूटर कंपनीची एटीआरची ऑफर घ्या, पगार थोडा कमी असला तरी. तास, दोन पायलटांची शिस्त आणि मल्टी-क्रू टर्बाइन अनुभव एकत्र मिळतो. चार्टर घ्यायची ती विमान दोन पायलटांसाठी प्रमाणित असेल, कॅप्टन मंडळी शिकवणारी असतील आणि विमानामागे को-पायलट दोनपेक्षा जास्त नसतील तेव्हा. अशा ठिकाणी को-पायलट फ्लाइट प्लॅन, एडीसी आणि एफआयसी नंबर (उड्डाणाआधी घ्यायचे परवानगी क्रमांक), इंधन, परवानग्या, वजन सगळं स्वतः करतो आणि दोन वर्षांत असा तयार होतो की पुढे कुठेही अडत नाही. घराजवळ राहायचं म्हणून निवडत असाल तर दोन्हींपैकी कुठलीच त्यासाठी घेऊ नका.

दोन्ही ऑफर सारख्याच वाटत असतील, तर दोघांना एकच मेल पाठवा. ज्युनियर को-पायलटचे मागच्या वर्षाचे तास, बॉन्डची घट, प्रशिक्षणकाळातला पगार, नोटीस पीरियड. आठ दिवसांत लेखी उत्तर देणारी कंपनी आणि फोन करून 'अरे, ते सगळं होऊन जाईल' म्हणणारी कंपनी यांत फरक असतो.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यापासून ईजीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरचं ई-लॉगबुक भरा आणि कंपनीकडून दर महिन्याला तास प्रमाणित करून घ्या. वर्षाचे एकदम करू म्हणून ठेवू नका. कंपनी बंद पडली तर सही करणारा माणूस सापडत नाही, आणि चारशे तास तुमच्या वहीत असूनही हिशेबात धरले जात नाहीत.